अकरा नंबरची खिडकी

गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी लेक मला लोम्बार्डला घेऊन गेली. लोम्बार्ड म्हणजे शिकागोच्या पश्चिमेला वीसेक मैलांवरचं उपनगर. यॉर्कटाउनच्या मॉलजवळच्या एका मोठ्या हॉटेलात त्या शनिवार-रविवारला जोडून 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेच्या चाहत्यांचं संमेलन भरतं. बाहेर सगळं गाव सेलच्या रांगेत उभं होतं आणि आत लॉबीत गुडघ्यापर्यंत लोंबणारे रंगीबेरंगी मफलर घातलेली माणसं हातात कॉफी घेऊन हिंडत होती. एका कोपऱ्यात लाकडाची निळी पोलिसपेटी उभी केली होती आणि तिच्यासमोर फोटोसाठी रांग होती. मला आपल्या अधिवेशनाची आठवण झाली. तोच गोंधळ, गळ्यात तशाच नावाच्या चिठ्ठ्या आणि जेवणाच्या रांगेत "अरे, तू अजून क्लीव्हलंडलाच का?" अशा तशाच भेटी. फरक एवढाच, की इथे वरण-भात नव्हता.

रांगेत माझ्यापुढे एक सत्तरीचे गृहस्थ होते. कोट घातलेली एक साठी उलटलेली भारतीय बाई इथे कशी, असं त्यांना वाटलं असावं. "तुम्हाला हे कुठे भेटलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चॅनल अकरा. रविवारी रात्री अकरा वाजता." ते हसले, मान हलवली आणि पुढे काही विचारलंच नाही. शिकागोत त्या पिढीच्या माणसाला एवढं उत्तर पुरतं.

मी १९८६ साली लग्न होऊन इथे आले. नवरा एका हॉस्पिटलात रेसिडेंट होता आणि रेसिडेंटचं घर म्हणजे कपडे बदलायची जागा. आम्ही ऑल्बनी पार्क भागात एका पोलिश विधवा बाईंच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. जवळच किंबॉल स्टेशन, गाडीचं शेवटचं ठाणं. तेव्हा त्या गाडीला रेव्हन्सवूड लाइन म्हणत, ब्राउन लाइन हे नाव नंतरचं. खालच्या रस्त्यावर कोरियन दुकानांच्या पाट्या, बसमध्ये कानावर पडणाऱ्या पाच-सहा भाषा, आणि त्यातली एकही माझी नाही. माझ्या व्हिसावर नोकरीला परवानगी नव्हती. गाडी चालवता येत नव्हती. पुण्यात बी.एस्सी. झालेली, इंग्रजी कादंबऱ्या वाचणारी मी, दुकानात "पेपर ऑर प्लास्टिक" हे तीन शब्द तीनदा विचारून घेत असे.

रविवारची रात्र सगळ्यात अवघड. शिकागोत रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा हिवाळ्यात पुण्यात सोमवारी सकाळचे साडेदहा झालेले असतात. आई भाजी घेऊन परतली असेल, भाऊ ऑफिसात पोचला असेल, हे घड्याळ डोक्यात आपोआप चालायचं. फोन करावा तर मिनिटामिनिटाचे पैसे. म्हणून मी टीव्ही लावत असे. अशाच एका रात्री छपरावरच्या अँटेनाची वायर हलवताना चॅनल अकरावर एक उंच, कुरळ्या केसांचा, मोठ्या डोळ्यांचा माणूस दिसला. गळ्यात मैलभर लांब मफलर. समोर एक राक्षसासारखं काहीतरी, आणि हा गृहस्थ त्याच्याशी अतिशय सभ्यपणे बोलत होता. त्याचं बोलणं मला पहिल्या झटक्यात शब्दन्‌शब्द कळलं. आमच्या कॉलेजात ज्या इंग्रजीला इंग्रजी म्हणत, ते हे इंग्रजी! इथे आल्यावर इतक्या महिन्यांनी एका माणसाचं मला सगळं समजलं, आणि तो माणूस परग्रहावरचा निघाला.

नवरा ड्यूटीवरून आल्यावर मी सांगितलं, "तू नसतोस तेव्हा दुसरा डॉक्टर येतो." तो विनोद आमच्या घरात आजतागायत चालू आहे.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'डॉक्टर' हा काळातून प्रवास करणारा एक परका माणूस. त्याचं यान, टार्डिस, बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-पेटीएवढं आणि आतून प्रचंड. मरणाची वेळ आली की तो मरत नाही, नवा देह आणि नवा स्वभाव घेतो. मुख्य नट बदलला तरी मालिका चालू ठेवायची ही युक्ती. आपल्याला पुनर्जन्माची सवय असल्याने मला हे समजायला काहीच कष्ट पडले नाहीत. पहिला भाग बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला, अध्यक्ष केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. पुढे मला कळलं की या अस्सल ब्रिटिश मालिकेची कल्पना पुढे आणणारे बीबीसीचे नाट्यविभागप्रमुख सिडनी न्यूमन कॅनडातले होते, निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट २७ वर्षांची होती, आणि पहिली कथा दिग्दर्शित करणारा वारिस हुसेन हा २४ वर्षांचा तरुण लखनौत जन्मलेला, लहानपणी ब्रिटनला गेलेला, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा. म्हणजे परक्या डॉक्टरला पडद्यावर पहिल्यांदा चालवलं ते परक्या मुलखातून आलेल्यांनीच. हे वाचल्यावर मला उगीचच माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं.

पण ती मालिका लंडनहून शिकागोच्या वरच्या मजल्यापर्यंत पोचली कशी? त्या प्रवासाचीही एक गोष्ट आहे.

१९७२ साली टाइम-लाइफ या कंपनीने तिसऱ्या डॉक्टरचे, म्हणजे जॉन पर्टवीचे, ७२ भाग अमेरिकेत विकायला काढले. मोजक्या स्टेशनांनी ते घेतले आणि कुठल्या वेळी लावावेत हे कोणालाच नीट उमगलं नाही. १९७८ मध्ये कंपनीने चौथ्या डॉक्टरचे, टॉम बेकरचे, ९८ भाग आणले. हाच तो मफलरवाला. मफलरची गोष्ट अशी सांगतात, की वेशभूषाकाराने विणणाऱ्या बाईंकडे भरपूर लोकर दिली आणि त्या बाईंनी ती सगळीच्या सगळी विणून टाकली. अमेरिकन प्रेक्षक गोंधळेल या भीतीने कंपनीने प्रत्येक भागात हॉवर्ड दा सिल्वा या अमेरिकन नटाचं निवेदन घातलं. मागे काय झालं, पुढे काय होणार, हे तो आपल्या नाटकातल्या सूत्रधारासारखा सांगे. निवेदन आणि जाहिराती मावाव्यात म्हणून प्रत्येक भागातली काही मिनिटं कापली जात. एवढं करूनही जाहिरातींवर चालणाऱ्या स्टेशनांवर डॉक्टरचं बस्तान बसलं नाही.

त्याला आसरा मिळाला तो सार्वजनिक टेलिव्हिजनवर. पीबीएस म्हणजे आपल्या दूरदर्शनसारखं दिल्लीहून सगळीकडे एकच चित्र पाठवणारं केंद्र नव्हे. ती सभासद-स्टेशनांची संस्था. प्रत्येक गावचं स्टेशन आपला कार्यक्रम आपण ठरवतं, आणि बाहेरून काही घ्यायचं तर स्वतःच्या पैशाने विकत घेतं. त्यामुळे 'डॉक्टर हू' अमेरिकेत एकदम कधी आलंच नाही. ते गावोगाव आलं. आयोवाने घेतलं, न्यू जर्सीने घेतलं, कॅलिफोर्नियात सॅन होजेने घेतलं. कुठे रोज संध्याकाळी अर्धा तास, कुठे शनिवारी रात्री. आमच्या शिकागोत चार-चार भाग जोडून दीड तासाचा सिनेमाच करून रविवारी उशिरा दाखवत. त्यामुळे मूळ मालिकेतला दर भागाच्या शेवटचा जीव टांगणीला लावणारा क्षण आम्हाला कळायचाच नाही. संकट आलं की दुसऱ्या मिनिटाला ते टळायचं.

आणि हे विकत घ्यायचे पैसे कोण देणार? प्रेक्षक. वर्षातून काही वेळा स्टेशनवर प्लेज ड्राइव्ह असे. कार्यक्रम मध्येच थांबवून पैसे मागायचे आणि मागे टेबलांवर टेलिफोन घेऊन बसलेली माणसं दाखवायची. मला ते पाहून आधी कसंतरीच झालं. टीव्ही स्टेशन वर्गणी मागतंय, गणपतीच्या मंडळासारखं! पण खालच्या पोलिश बाई दर वर्षी डिसेंबरमध्ये एक पाकीट तयार ठेवत. आत २५ डॉलर्सचा चेक. त्या स्वतः डॉक्टर पाहत नसत, त्यांना संगीताचे कार्यक्रम आवडत. मी विचारलं, "कुणी बघायला येतं का, दिले की नाही ते?" त्या म्हणाल्या, "मी पाहते ना. पाहते म्हणून देते." या उत्तरावर मला पुढे काही बोलता आलं नाही. मी तर फुकटच पाहत होते.

पैसे माझ्याकडे नव्हते, पण वेळ होता. फोन घ्यायला स्वयंसेवक हवेत असं पडद्यावर पाहून मी नाव कळवलं. स्टेशन घरापासून दीड मैलावरच. किंबॉल रस्त्याने बसने उत्तरेला जायचं आणि एक गल्ली पश्चिमेला चालायचं, की सेंट लुइस अव्हेन्यूवरची ती बसकी इमारत. स्टेशनचं नाव डब्ल्यूटीटीडब्ल्यू. १९५५ पासून चालू असलेल्या या स्टेशनच्या नावातली अक्षरं 'विंडो टु द वर्ल्ड' यावरून घेतलेली, म्हणजे जगाकडे उघडणारी खिडकी. मी आत गेले तेव्हा अंगावर नवऱ्याचा जाड कोट आणि पायात साध्या चपला-मोजे होते, कारण बर्फाचे बूट ओले झाले होते. कोणी काही म्हटलं नाही. टेबलाशी एक पोस्टमन, दोन कॉलेजातली मुलं आणि स्वतः विणलेला मफलर घातलेली एक शाळामास्तरीण होती. त्यांनीच मला सांगितलं, की १९८३ साली मालिकेला वीस वर्षं झाली तेव्हाचा खास भाग, 'द फाइव्ह डॉक्टर्स', शिकागोने २३ नोव्हेंबरलाच पाहिला आणि ब्रिटनने २५ला, कारण बीबीसीने तो मुलांसाठीच्या निधी-संकलनाच्या रात्रीकरता राखून ठेवला होता. लंडनच्या आधी शिकागो! सांगताना त्या मास्तरणीचा चेहरा आपल्याकडे एखाद्याने सवाई गंधर्वला पहिल्या रांगेत बसल्याचं सांगावं तसा झाला होता.

माझा पहिला फोन इंडियानातल्या गॅरीहून आला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, दहा डॉलर लिहून घ्या. गिरणीतलं काम सुटलंय, नाहीतर जास्त दिले असते. मी नाव, पत्ता, झिप कोड लिहून घेतला. मग त्यांनी माझं नाव विचारलं. मी अक्षरं एकेक करून सांगितली आणि त्यांनी ती एकेक करून परत म्हणून दाखवली. या देशात आल्यापासून माझं नाव कोणी नीट लिहून घेतल्याची ती पहिली वेळ. त्या रात्री मी असे बरेच फोन घेतले. घरी परतले तेव्हा नवरा जागा होता. "काय केलंस?" म्हणाला. "काम केलं," मी म्हटलं. पगाराचं नव्हतं, पण मला तसंच वाटलं.

मग आली २२ नोव्हेंबर १९८७ची रात्र. तिच्याविषयी शिकागोत अजून बोलतात. रविवारच होता. 'हॉरर ऑफ फँग रॉक' ही कथा चालू होती. धुक्यात वेढलेलं दीपगृह, एकामागून एक मरणारी माणसं. सव्वाअकराच्या सुमारास चित्र फाटलं आणि पडद्यावर रबरी मुखवटा आणि काळा चष्मा घातलेला एक माणूस आला. तेव्हा टीव्हीवर गाजत असलेल्या मॅक्स हेडरूम या पात्राचा तो मुखवटा. मागे पन्हळी पत्रा गरगर हलतोय, आवाज किरकिरा, बोलणं अर्धवट. शेवटचा प्रकार दिवाळी अंकात लिहिण्याजोगा नाही. नव्वदेक सेकंदांनी तो गेला आणि दीपगृह परत आलं. मला वाटलं कथेचाच भाग असेल! दुसऱ्या दिवशी कळलं, की कोणीतरी शक्तिशाली यंत्रणा लावून स्टेशनचा संदेश दाबून टाकला होता. त्याच संध्याकाळी नऊच्या बातम्यांत डब्ल्यूजीएनवरही तोच मुखवटा काही सेकंद दिसला होता, पण तिथल्या इंजिनियरांनी चटकन वाट बदलली. चॅनल अकराचा ट्रान्समीटर सीअर्स टॉवरवर होता आणि तिथे त्या वेळी कोणी माणूस नव्हता, म्हणून थांबवणार कोण? सरकारने तपास केला. करणारा आजवर सापडलेला नाही.

पाहुणे आले की मी त्यांना सीअर्स टॉवरवर नेते. आता विलिस टॉवर म्हणतात, आम्ही जुने लोक नाही म्हणत. १०३व्या मजल्यावर गेलं की उत्तरेला जॉन हॅन्कॉकची काळी इमारत दिसते. त्या रात्री घुसखोरी झाली ती या दोन इमारतींवरच्या ट्रान्समीटरांच्या वाटेत. आणि दोन्हींच्या रचनेमागचे अभियंते एकच, बंगालमध्ये जन्मलेले फझलुर रहमान खान. आपल्या उपखंडातून आलेल्या माणसाने उभारलेल्या मनोऱ्यावरून, लखनौच्या माणसाने सुरू केलेली ब्रिटिश मालिका, पुण्याच्या मुलीने ऑल्बनी पार्कमध्ये पाहिली. आणि हे असं काही त्या वेळी कोणालाच जाणवलं नव्हतं, मलाही नाही.

आपल्यापैकी प्रत्येकाची आणखी एक ठरलेली सहल म्हणजे नायगारा. आई-वडील, सासू-सासरे, मावशी, सगळ्यांना घेऊन मी सात वेळा गेले. शिकागोहून नऊ तास गाडी आणि मग बफेलो. थेपले, दशम्या, गाडीत लागणाऱ्याला आलेपाक. बफेलो हे माझ्यासाठी फक्त 'आता आलंच' असं सांगायचं गाव होतं. मग लेकीने एकदा मला एक गोष्ट सांगितली आणि गावाकडे बघायची माझी नजर बदलली.

व्हिडिओ टेप महाग होत्या आणि परत वापरता येत होत्या. नटांशी झालेल्या करारांमुळे जुने भाग पुन्हा दाखवणंही सोपं नव्हतं, आणि लोक पुढे घरी बसून विकत घेऊन पाहतील हे कोणाच्या स्वप्नात नव्हतं. म्हणून बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकातल्या असंख्य टेपा पुसून टाकल्या. साठच्या दशकातले 'डॉक्टर हू'चे नव्वदहून अधिक भाग आज कुठेच नाहीत. जे सापडतात ते बरेचदा परदेशात. परदेशी स्टेशनांना विकायला फिल्मच्या प्रती काढल्या होत्या, त्या कुठे कुठे राहून गेल्या. २०१३ साली नऊ हरवलेले भाग सापडल्याचं जाहीर झालं, ते नायजेरियात. जॉन पर्टवीच्या काही रंगीत कथांच्या तर लंडनमध्ये फक्त कृष्णधवल फिल्मच उरल्या होत्या. त्यांचे रंग गेले ते गेलेच असं सगळे धरून चालले होते. पण सत्तरच्या दशकात बफेलोच्या सार्वजनिक स्टेशनवरून त्या कथा लागल्या होत्या तेव्हा कोणा अमेरिकन प्रेक्षकाने घरच्या व्हिडिओ रेकॉर्डरवर त्या उतरवून ठेवल्या होत्या. चित्र अस्पष्ट, पण रंगीत. नव्वदच्या दशकात लंडनच्या तंत्रज्ञांनी कृष्णधवल फिल्मची स्पष्ट रेषा घेतली आणि बफेलोच्या घरगुती टेपमधला रंग त्यावर चढवला. 'द डीमन्स' ही कथा अशी पुन्हा रंगीत झाली.

घरी पुसलेलं बाहेर उरलं. ज्याने ते उतरवून घेतलं त्याला काही वारसा जपायचा नव्हता, त्याला फक्त पुन्हा पाहायचं होतं. आमच्या मंडळात दर वर्षी पुण्याहून आलेला कोणी ना कोणी म्हणतो, "अहो, हे गाणं तुम्ही अजून म्हणता? तिकडे आता कोणाला येत नाही." पूर्वी मला ते टोचायचं, आम्ही मागे राहिलो असं वाटायचं. बफेलोची गोष्ट ऐकल्यापासून टोचत नाही. अर्थात आपला रंग थोडा फिका आणि अस्पष्ट असतो, हेही खरं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९८९ मध्ये मालिका थांबली. १९९६ साली फॉक्सवर एक सिनेमा आला आणि गेला. २००५ मध्ये वेल्समधल्या कार्डिफहून ती नव्याने सुरू झाली, पुढच्या वर्षी इथे केबलवर आली. २०१० साली तर डॉक्टर स्वतःच युटाच्या वाळवंटात चित्रीकरणाला आला. २३ नोव्हेंबर २०१३ रोजी पन्नाशीचा भाग ९४ देशांत एकाच वेळी दाखवला. शिकागोत तेव्हा दुपार होती. लेक तिच्या कॉलेजच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात, दोघी फोन कानाला लावून एकच चित्र पाहत होतो. आता तर ॲपवर बटण दाबलं की हजर. वाट पाहणं नाही, अँटेना हलवणं नाही. कोणाला दहा डॉलर द्यायचे नाहीत आणि कोणी नाव लिहून घेत नाही.

२०२५च्या जुलैत सरकारने सार्वजनिक प्रसारणाला दिली जाणारी पुढच्या दोन वर्षांची मदत, सुमारे १.१ अब्ज डॉलर्स, रद्द केली. शिकागोसारख्या मोठ्या शहरातलं स्टेशन प्रेक्षकांच्या जोरावर कसंबसं तग धरेल, पण लहान गावांतल्या स्टेशनांचा मोठा आधार गेला. बातमी ऐकली त्या आठवड्यात मी उगाचच किंबॉलला उतरले. ऑल्बनी पार्कचं ते घर आता वेगळ्या रंगाचं आहे, पोलिश बाई जाऊन वीस वर्षं झाली. बसने उत्तरेला गेले, एक गल्ली चालले. इमारत तशीच बसकी. आत जायचं काही कारण नव्हतं, म्हणून फुटपाथवर पाच मिनिटं थांबले आणि परत फिरले.

नोकरीची परवानगी मिळाल्यापासून, म्हणजे पस्तीसहून अधिक वर्षं, मी डिसेंबरमध्ये पाकीट तयार ठेवते. त्या वर्षी ते ऑगस्टमध्येच काढलं आणि रकमेत एक शून्य वाढवलं. नवरा आता निवृत्त आहे, घरचा हिशेब तोच बघतो. चष्म्यावरून चेककडे बघत म्हणाला, "हा कसला खर्च?"

"दुसऱ्या डॉक्टरची फी," मी म्हटलं. "बरीच वर्षं थकली आहे."

त्याने मुकाट्याने वहीत लिहून घेतली.